रबरी वाट्या कोण धुतं?

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा धसका घेतला बत्तिशीकाकांनी. खरं तर त्या घरात सिंकशी सर्वांत कमी संबंध त्यांचाच होता. पाणी पिऊन झाल्यावर पेला विसळावा लागतो, हे त्यांच्या कानावर होतं, पण अनुभव नव्हता. तरी सकाळपासून ते दर थोड्या वेळाने सिंकपाशी येत, साचलेल्या मळकट पाण्याकडे टक लावून बघत आणि आजारी माणसाच्या खोलीतून निघावं तसे पाय न वाजवता परत जात.

बत्तिशीकाका हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवत; मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात बसवायचे आणि ज्याच्या तोंडाचं बोळकं झालंय त्याला पुन्हा चारचौघांत हसता येईल असं करायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. म्हणायचं बत्तिशी, पण बसवायचे अठ्ठावीसच. अक्कलदाढा काका कुणालाही देत नसत. त्या ज्याच्या त्याने मिळवाव्यात, असं त्यांचं मत होतं.

घरामागच्या खोलीत हे काम चाले. तिथल्या फळीवर जुने साचे ओळीने मांडलेले होते आणि त्यातला कुठला जबडा कुणाचा हे काकांना न बघता सांगता येई. माणसांची नावं त्यांना पहिल्यापासूनच आठवत नसत, त्याचं त्यांना काही वाटत नसे. माणूस विसरला तरी चालतं, जबडा विसरला की धंदा बुडाला, असं ते म्हणत.

पण गेले काही आठवडे काका मनातून हादरले होते. कारण होतं रबरी वाट्या.

प्लास्टर कालवायला रबराच्या वाट्या असतात. कालवलेलं सगळंच्या सगळं कधी वापरलं जात नाही, थोडं वाटीला चिकटून राहतंच. ते ओलं असताना धुवायचं नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. तसंच टाकून द्यायचं. रात्रभरात त्याचा दगड होतो. सकाळी वाटी दोन्ही हातांनी दाबली की ‘कट्ट’ आवाज करून तुकडे सुटतात आणि थेट केराच्या डब्यात जातात. ओलं धुतलं, तर ते पाइपात जाऊन बसतं आणि पाण्याखालीसुद्धा खुशाल घट्ट होतं. काकांचा दिवस त्या ‘कट्ट’ने सुरू व्हायचा. बायको होती तोवर ती पलीकडच्या खोलीतून म्हणायची, “उठले वाटतं, हाडं मोडायला लागले.”

आता तो आवाज बंद झाला होता. काका सकाळी खोलीत जात, तर वाट्या लख्ख धुतलेल्या आणि फडक्यावर पालथ्या घातलेल्या. काल आपण त्या तशाच टाकून आलो, हे त्यांना चांगलं आठवत होतं. आणि वाट्या तर धुतलेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या असणं शक्य नव्हतं, आणि वाट्या डोळ्यांसमोर होत्या. म्हणजे खोटं होतं ते आठवणं. मग एकदा कालवायच्या पट्ट्या उंचीप्रमाणे लावलेल्या निघाल्या. एकदा एप्रन धुऊन भलत्याच खुंटीला लटकत होता. काकांनी एप्रन खाली काढला, घातला आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.

घरात आणखी दोनच माणसं होती. एक चिरंजीव. एका कारखान्यात माल तपासून नाकारणं हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावर ते कामच नाकारत. जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा माणूस बापाच्या वाट्या धुईल, हे काकांना वेड लागलं असतं तरी पटलं नसतं. दुसरी सूनबाई. ती लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच दिवशी फळीवरचे जबडे बघून म्हणाली होती, “हे सगळे माझ्याकडे बघून हसतायत.” त्यानंतर तिने त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं काकांनी पाहिलं नव्हतं. शिवाय त्या खोलीत कुणी शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा चिरंजीवांनी तिला आधीच सांगून ठेवला होता. ती सासऱ्यांशी बोले तेही चहा आणि औषध या दोन विषयांवर. म्हणजे उरले काका.

आता कुणी म्हणेल, सरळ विचारायचं की वाट्या कोण धुतं म्हणून. पण विचारायचं आणि दोघांनी म्हणायचं ‘आम्ही नाही’, मग पुढे काय? न विचारण्यात थोडी तरी जागा शिल्लक होती.

काकांचे वडील म्हातारपणी विसरू लागले, तेही असंच. आधी वस्तू गेल्या, मग रस्ते गेले, आणि शेवटी शेवटी समोर बसलेल्या काकांना ते अदबीने विचारत, “आपण कुणाकडचे?” काका रोज सांगत, “तुमच्याकडचाच.” ते ऐकून वडिलांना बरं वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काका ते विसरले नव्हते. ते विसरता आलं असतं तर बरं, असंही त्यांना कधी कधी वाटे.

तेव्हा सिंक तुंबल्याबरोबर काकांनी मनाशी ठरवून टाकलं. पाइपात प्लास्टर निघालं, तर वाट्या आपणच धुतोय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे नक्की. मग संध्याकाळी खोलीला कुलूप लावायचं, किल्ली मुलाच्या हातात द्यायची आणि धंदा बंद. लोकांच्या तोंडात घालायच्या वस्तू बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. किल्ली त्यांनी सकाळीच खिशात टाकून ठेवली होती.

प्लंबर आला, तो निदान घेऊनच आला. दारातच म्हणाला, “केस असणार.”

“न बघताच?” चिरंजीव म्हणाले.

“बघायचंय काय त्यात? शंभरातल्या नव्वद घरांत केसच काढलेत मी.” मग त्याने घरातल्या माणसांवरून नजर फिरवली. काकांच्या डोक्यावर काही नव्हतं. चिरंजीवांचं कपाळ वर सरकत सरकत मधल्या भागात पोचलं होतं. उरली सूनबाईची वेणी. प्लंबर वेणीकडे बघू लागला, तशी तिने ती घाईघाईने पाठीमागे टाकली.

“सिंकमध्ये कोण केस धुतं?” ती म्हणाली. आवाज जरा चढलाच होता.

“तेलच असणार हो,” काका मध्ये पडले. “तेलाचा थर जमतो. तेवढं गरम पाणी ओता आणि मोकळे व्हा.”

“बाबा, आपल्याकडे तळण कुठे असतं?” सूनबाई म्हणाली. “तुमचं पथ्य आहे ना.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पथ्याला शिव्या दिल्या, अर्थात मनात.

“असं अंदाजपंचे नको,” चिरंजीवांनी बाह्या सरसावल्या. कारखान्यात ते हेच करत आणि घरी ते करायची संधी त्यांना क्वचितच मिळे. “आधी कारण शोधायचं, मग इलाज. नाहीतर आज काढाल, महिन्याभरात पुन्हा तुंबेल. एकेक ठिकाण तपासत जाऊ. जिथे पाणी जातंय ते सोडायचं, जिथे अडतंय ते धरायचं.”

म्हणजे साप म्हणून भुई धोपटायची नाही, तर सगळी भुई आधी मोजायची. न्हाणीघरात बादली ओतली, पाणी सुळकन गेलं. न्हाणीघर निर्दोष सुटलं. मग प्लंबरने सिंकच्या भोकावर रबरी पंप ठेवून जोर लावला. सिंकमधलं पाणी हललं नाही. पण मागच्या खोलीतल्या बेसिनने मोठ्याने ‘डुबुक’ केलं.

तिघांनी माना वळवल्या. काकांनी वळवली नाही.

“ते नेहमीच करतं,” ते म्हणाले.

“दोन्हींची लाइन पुढे एकच झालीय,” प्लंबर म्हणाला. “ते बेसिन उघडून बघायला पाहिजे.”

“त्या खोलीत कुणी जायचं नाही.”

“बाबा, पाइपच बघायचाय,” चिरंजीव म्हणाले. “तुमच्या कवळ्यांना कोण हात लावतोय? आणि खरं सांगू का, मला आधीपासून तुमच्या प्लास्टरचाच संशय आहे.”

सूनबाईच्या हातातून फडकं खाली पडलं. ते कुणी पाहिलं नाही. काकांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोरी केल्याचं चोराला आठवतही नव्हतं, तरी चांदणं टिपूर पडलं होतं. शेवटी ते म्हणाले, “उघडा. काय असेल ते एकदाचं बाहेर पडू दे.”

प्लंबर बेसिनखाली आडवा झाला. वाकडा पाइप सोडवून त्याने बादलीत उपडा केला. थोडं पाणी पडलं, साबणाचा चिकट बुळबुळीत गोळा पडला, आणि टक्कन एक दात पडला.

प्लंबर मागे सरकला. “हे काय? कुणाचा आहे?”

“कुणाचाच नाही. अजून,” काका म्हणाले. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. “वरचा डावा सुळा. त्या निवृत्त मास्तरांच्या कवळीत बसवताना हातातून सटकला होता. दुसरा बसवला, पण तो जरा पांढरा झाला. मास्तरांना कळलं नाही, मला अजून खुपतो.”

“प्लास्टर कुठंय?” चिरंजीवांनी विचारलं. प्लास्टर नव्हतं. पाइप आतून स्वच्छ होता. आपला संशय चुकल्याचं चिरंजीवांना वाईट वाटलं. काकांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घटकाभरच. मग त्यांच्या मनात आलं की इथे नाही, तर मग आपण ते धुतलं कुठे?

त्याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. सिंकखालचा वाकडा पाइप जड लागत होता. प्लंबरने तो काढून फरशीवर आपटला, पुन्हा आपटला, तेव्हा आतून पिवळसर, टणक, पाइपाच्याच वळणाचा एक गोळा घरंगळत बाहेर आला. सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसले.

“चुना,” प्लंबर म्हणाला. केसांवरचा त्याचा विश्वास त्याने एका क्षणात चुन्यावर नेऊन ठेवला. “पाण्यातला चुना. साचत साचत असा दगड होतो.”

“पिवळा?” चिरंजीवांनी विचारलं.

“तुमच्याकडचं पाणीच तसंय.”

चिरंजीवांनी मान डोलावली. त्यांना कारण हवं होतं, कारण मिळालं. कारखान्यातही बहुतेक असंच चालत असावं. प्लंबरने पुढच्या पाइपात लांब तार घालून फिरवली, नळ सोडला, पाणी गुळगुळ करत निघून गेलं, आणि तो हात धुऊन पुढच्या घरचे केस काढायला गेला. चिरंजीव पाणी गाळायचं यंत्र बघायला बाजारात गेले.

काका तो गोळा घेऊन आपल्या खोलीत आले. त्यांना कुणी सांगायला नको होतं. नखाने टिचकी मारली की कसा आवाज येतो, तुटलेली कड कशी दिसते, सगळं ओळखीचं. त्यांचंच प्लास्टर होतं, साच्याचं, पिवळं. म्हणजे झालं. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मुलाला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. ‘वय झालं आता’ एवढंच सांगावं का? तो लगेच ‘बरं’ म्हणेल, आणि तेच त्यांना नको होतं.

गोळा हातात फिरवता फिरवता त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. प्लास्टरमध्ये हिरव्या दोऱ्यांचा एक पुंजका अडकला होता. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. भांडी घासायच्या घासणीचे धागे होते ते.

घासणी. काका विचार करू लागले. या घरात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण घासणी कुठे ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं. सिंकच्या वर? खाली? डब्यात? काही कल्पना नव्हती. आजच काय, कधीच नव्हती. बायकोच्या वेळीही नव्हती. वडिलांचं सगळं त्यांनी पाहिलं होतं. माणूस माहीत असलेलं विसरतो, हे खरं. पण माहीत नसलेलं आठवायला लागल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

“बाबा.”

सूनबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट आवळत होती. डोळे रडलेले होते.

“तो चुना नाहीये,” ती म्हणाली. “तुमचं प्लास्टर आहे. वाट्या मी धुते. तुम्ही रात्रीचं काम आटोपून झोपलात की हळूच, ओल्याच घेऊन जाते, सिंकमध्ये घासते आणि परत आणून ठेवते. मला काय माहीत ते पाइपात जाऊन बसतं! मी आपली भरपूर पाणी सोडत होते. तुम्ही हवं तर बोला मला, पण ह्यांना सांगू नका. ते लगेच माझ्या चुकांचा तक्ता करतील.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. “तू?”

“इथून जाता-येता दिसायच्या. तशाच पडलेल्या, वाळलेल्या. वाटलं, आई गेल्यापासून बाबांच्या वाट्यासुद्धा कुणी धूत नाही. लोक काय म्हणतील, सून आहे ना घरात? आणि तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, आवडलं असेल.”

“रोज?” काकांनी विचारलं.

“हो.”

“एकही दिवस चुकवला नाहीस?”

“चुकले हो, बाबा, म्हणते ना—”

“तसं नाही विचारत.” काका उठून उभे राहिले होते. “परवा तीन वाट्या होत्या. एकीला तडा गेलेला. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि मी त्या धुतल्या नव्हत्या. खिडकीत ठेवून आलो होतो. तशाच.”

“तशाच होत्या. खिडकीत.”

“पट्ट्या? उंचीने लावल्या होत्या, त्या?”

“मीच,” ती हुंदका देत म्हणाली. “छान दिसतील म्हणून.”

“एप्रन?”

“धुतला. खुंटी चुकली का?”

“साफ चुकली!” काका ओरडले, आणि हसायलाच लागले. स्वतःच्या तोंडातले दात त्यांनी स्वतःच बनवलेले, ते सगळे दिसले. सूनबाई घाबरून एक पाऊल मागे गेली. तिने आजवर सासऱ्यांना ओरडताना पाहिलं होतं, गप्प बसलेलं पाहिलं होतं. हसताना पाहिलं नव्हतं. “अगं, पूर्ण चुकली! माझी खुंटी दाराजवळची. दाराजवळचीच! मला पक्कं ठाऊक होतं!”

“पुन्हा नाही करणार,” ती म्हणाली.

“अगं, आत ये. ये आत. जबडे हसतायत तर हसू देत, आज मीही हसतोय.” तिने उंबरा ओलांडला. काकांनी एकुलतं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. ती बसली नाही, पण धरून उभी राहिली. काका येरझाऱ्या घालत होते. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की गल्लीत जाऊन दिसेल त्याला त्याचा जबडा सांगावा. आणि त्या भरात, जे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, तेही तोंडातून निघून गेलं.

“आणि ते छोटं पातेलं? चहाचं? गॅसवर राहून जळून कोळसा झालं होतं. घरभर धूर. मी ते नेऊन टाकून दिलं, तुम्हाला कळू नये म्हणून. ते कुणी ठेवलं होतं गॅसवर?”

सूनबाईने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या किल्लीकडे. एवढा वेळ ती रडत होती. आता तिने डोळे पुसले.

“ते पण मीच,” ती म्हणाली. “ठेवलं आणि विसरले.”

काका थांबले.

पातेलं जळालं ते वाट्यांच्या भानगडीआधी, आणि त्या आठवड्यात सूनबाई माहेरी गेली होती. तिच्या भावाचा पाय मोडला होता. ती निघाली तेव्हा हातात निळी पिशवी होती, पिशवीचा बंद तुटका होता आणि चिरंजीवांनी तो दोरीने बांधून दिला होता. पातेलं जळालं तेव्हा चिरंजीव कारखान्यात होते, घरात काका एकटेच. हे सगळं त्यांना अगदी स्वच्छ आठवत होतं. फक्त चहाचं आधण ठेवल्याचं आठवत नव्हतं.

मग काकांनी फळीखालून एक रबरी वाटी काढली. तिला सकाळच्या कामाचं प्लास्टर लागलेलं होतं, आता वाळून खडखडीत झालं होतं. त्यांनी ती तिच्या हातात दिली.

“दाब,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी. भिऊ नको.”

तिने दाबली. कट्ट झालं. तुकडे तिच्या पायांपाशी पडले. ती दचकली, मग तिने आपणहून आणखी एकदा दाबली.

“हे असं करायचं. धुवायचं नाही,” काका म्हणाले. “आणि गॅस यापुढे तूच बघत जा.”

“हो, बाबा.”

“आणि मी पुन्हा असं काही विचारलं,” ते तुकडे वेचायला खाली वाकले, त्यामुळे त्यांचा चेहरा तिला दिसला नाही, “तर मला खरं सांगत जा.”

ती त्यांच्याशेजारी खाली बसली आणि तुकडे वेचू लागली. “सांगेन,” ती म्हणाली.